दोनशे बेचाळीस पॉइंट चार

"पोरी, ह्ये दोनशे बेचाळीस पॉइंट चार काय भानगड हाय?"

केरबामामांनी कागद माझ्यापुढे धरला. मी त्यांच्या शॉपच्या दारात, एक पाय स्कूटीवर, एक जमिनीवर, कानाला फोन. फोनवर बचत गटाच्या हौसाक्का होत्या, आणि हौसाक्का एकदा बोलायला लागल्या की मध्ये कुणाचं काही चालत नाही.

"एक मिनिट, अक्का," म्हणत मी फोन हाताने झाकला. "काय झालं मामा?"

"माप बघ की. दोनशे चाळीस म्हण, अडीचशे म्हण. शहाणा माणूस असलं माप देतोय व्हय? ह्यात आकस आधीच धरलाय का?"

"नाही हो. कॉम्प्युटरनं काढलंय ते, त्याला पॉइंटातच बोलायची सवय. तुम्ही नेहमीसारखं करा."

"बघून सांग की."

"बघितलंय मामा! सोमवारी पॅटर्न मगदूमांच्या फाउंड्रीत पोचला नाही तर मिरचीचा सीझन गेला आपला."

मी बघितलं नव्हतं. खोटं बोलतोय हेसुद्धा तेव्हा जाणवलं नाही, इतकी मी घाईत होते.

मामांनी कागदाची नीट चौघडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि "बरं" म्हणून आत गेले. मी फोन पुन्हा कानाला लावला. अक्का अजून बोलतच होत्या.

याला आता नऊ वर्षं झाली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात केरबा सुतार म्हणजे पॅटर्नवाले हे कुणाला सांगावं लागत नसे. फाउंड्रीत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वस्तू ओतायची तर आधी हुबेहूब तशीच लाकडाची करावी लागते. ती वाळूत दाबायची, काढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड सोडायचं. त्या लाकडी वस्तूला पॅटर्न म्हणतात. आता गंमत अशी की बीड थंड होताना आकसतं, शंभरला साधारण एक. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, त्या वाढीव मापाला आकस म्हणतात. त्यासाठी मामांकडे एक पितळी पट्टी होती. दिसायला साधी, पण तिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशे एक. त्या पट्टीने मोजलं की आकस आपोआप धरला जायचा, डोक्याला ताप नाही. ही पट्टी त्यांना त्यांच्या वस्तादांनी दिलेली, आणि ती ते कुणाला हातही लावू देत नसत. मी एकदा तिने पाठ खाजवली होती तर आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

"केरबाचा पॅटर्न परत येत नाही," असं सगळे फाउंड्रीवाले म्हणायचे. मामांची कमाई ती एवढीच. एक नाव.

माझी कंपनी म्हणजे तेव्हा मी, एक लॅपटॉप आणि गोकुळ शिरगावातली एक पत्र्याची शेड. आधीचं एक यंत्र, शेंगा फोडायचं, मी मामांच्या फरशीवर बसून केलं होतं. खरंच फरशीवर. ते खडूने खऱ्या मापात यंत्र काढायचे, मी पुसायची, ते पुन्हा काढायचे. "हितं मजुराचा हात कुठं जाणार? आं? तोडतीस का त्याची बोटं?" असं विचारायचे. मी रडकुंडीला यायची. मग सुनेला हाक मारायचे, "शोभा, च्या टाक, इंजिनेरबाई तापल्यात." सागवानाच्या भुश्शाचा वास, बशीतला चहा, चारच्या ठोक्याला रेडिओ. तीन आठवडे लागले त्या एका ड्रॉइंगला. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे तीन आठवडे होते ते, आणि मला मेलीला तेव्हा वाटायचं, किती हा वेळ वाया.

म्हणून एआयची टूल्स हाताशी आली तेव्हा मी हरखून गेले, यात नवल ते काय. हौसाक्कांच्या बचत गटाला मिरची कांडायचा छोटा डंक हवा होता, घरातल्या घरात चालणारा आणि कमी आवाजाचा. मी सकाळी नाश्ता करता करता टूलला सगळं सांगितलं. खळ केवढी, मुसळ किती वजनाचं, अंग बिडाचं, खाली स्टीलचं स्टँड. दुपारी जेवायच्या आधी ड्रॉइंगं तयार. तीन आठवड्यांचं काम एका सकाळीत! मी शेडमध्ये एकटीच टाळ्या पिटल्या. स्टँडचं ड्रॉइंग फॅब्रिकेटरला पाठवलं, खळीचं छापून मामांना दिलं. फरशीवर बसायची गरजच उरली नाही.

मामांच्या शॉपमधल्या भिंतीबद्दलही सांगायला हवं. चुकलेला पॅटर्न मामा जाळत नसत. समोरच्या भिंतीवर खिळा मारून टांगायचे, आणि ज्याची चूक असेल त्याने स्वतःच्या हाताने, सुतारी पेन्सिलीने, त्यावर नाव घालायचं. दुसऱ्याने कुणी लिहायचं नाही, हा नियम. चाळीस वर्षांत अकरा पॅटर्न टांगले गेले होते. सात मामांचे स्वतःचे, सगळे सुरुवातीच्या वर्षांतले. एक त्यांच्या वस्तादांचा. एकावर तर मगदूम फाउंड्रीच्या थोरल्या मालकांचं नाव होतं, त्यांनी माप उलटं सांगितलं होतं म्हणून.

"मालकांनी लिहिलं?" मी विचारलं होतं.

"लिवलं की. मोठा माणूस हुता," मामा म्हणाले होते.

पॅटर्न सोमवारी वेळेवर पोचला. गुरुवारी ओतकाम झालं. शनिवारी सकाळी मगदूम फाउंड्रीच्या अंगणात जुळणी होती. हौसाक्का गटातल्या चौघींना घेऊन आल्या होत्या, सोबत संकेश्वरी मिरचीचं अर्धं पोतं. थोरले मगदूम केव्हाच गेले होते. आता त्यांचा मुलगा सुभाषराव मालक होता. मामाही आले होते, धुतलेल्या सदऱ्यात. आपला पॅटर्न पहिल्यांदा बसताना बघायला ते नेहमी यायचे.

बिडाची खळ स्टँडवर ठेवली. तिच्या कडेला बोल्टसाठी चार कान, चार भोकं. पहिला बोल्ट गेला. दुसरा जाईना. ठोकला, तरी जाईना. सुभाषरावांनी खळ फिरवून बघितली, भोकं समोरासमोर येतच नव्हती.

"अगंबाई," हौसाक्का म्हणाल्या, "हे काय नवंच? आमच्या चाळीस बायका थांबल्यात घरी. मिरच्या वाळवून ठेवल्यात. हे जमणार नसंल तर आत्ताच सांगा, आम्ही आपलं जुन्या गिरणीत नेतो."

"थांबा अक्का," सुभाषराव म्हणाले. त्यांनी व्हर्निअर काढला, दोन भोकांमधलं अंतर घेतलं. "संज्योत, डिझाइनमध्ये किती आहे?"

मी लॅपटॉप उघडला. "दोनशे चाळीस. स्टँडही दोनशे चाळीसचंच आहे."

"इथं दोनशे बेचाळीस पॉइंट चार भरतंय."

स्कूटी, फोन, मामांच्या हातातला कागद, सगळं डोळ्यांपुढे आलं.

सुभाषरावांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि त्यांना हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते, उलट सुटल्यासारखं. "बरोबर एक टक्का जास्त! मामा, आकस दोनदा धरला की काय? पितळी पट्टी लावली ती लावली, वर पुन्हा आणखी वाढवलं?"

मामांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्या खिशातून माझ्या कागदाचं टोक दिसत होतं, तसाच चौघडी केलेला. तो नुसता उघडून दाखवला असता तरी पुरे होतं.

हात खिशाशी थांबला. मामांनी माझ्याकडे बघितलं.

मी लॅपटॉपकडे बघितलं.

किती वेळ गेला असेल? एक घोट चहा गिळायला लागतो तेवढाच. त्यात मी तीनदा तोंड उघडायचं ठरवलं आणि तीनदा गप्प बसले. मग मामांनी हात खाली घेतला.

"लागली आसंल दोनदा," ते म्हणाले. "वय झालं आता. मंगळवारी नवा पॅटर्न देतो, अक्का. तुमची एक मिरची वाया जाणार न्हाई. माझा शब्द."

"केरबादादा, तुमचा शब्द म्हटल्यावर काय बोलायचं?" हौसाक्का निवळल्या. "मंगळवार तर मंगळवार. चला गं."

शेडमध्ये परत येऊन मी टूलला विचारलं, हे माप असं कसं आलं? त्याने सरळ उत्तर दिलं. वस्तू बिडाची आहे असं तुम्ही सांगितलंत, म्हणून पॅटर्नच्या ड्रॉइंगमध्ये एक टक्का आकस धरला आहे, तशी सूचना ड्रॉइंगखाली दिली आहे. मी ड्रॉइंग उघडून बघितलं. होती सूचना, अगदी तळाला, बारीक अक्षरात, छापतानाच्या समासात कापली गेलेली. टूलने लपवलं काहीच नव्हतं. मामांनी विचारलं तेव्हा मी हे अर्ध्या मिनिटात बघू शकले असते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच मी मामांकडे गेले. ते रंधा मारत होते. बाकावर साधी स्टीलची पट्टी होती. पितळी पट्टी आपल्या खिळ्याला टांगलेली, म्हणजे या वेळी ते कागदावरचं माप जसंच्या तसं घेत होते.

"मामा, तुम्हाला माहीत होतं."

"काय म्हाईत हुतं?"

"कागदात आकस धरलेला होता. माझी चूक होती. तुम्ही विचारलंत आणि मी न बघता सांगितलं."

"व्हय," ते म्हणाले आणि रंध्याखालची साल फुंकली. "कागद दिलास त्याच राती घरी जोडून बघितलं. दोनशे चाळीसवर एक टक्का म्हंजे तेवढंच. पण तू बघितलंय म्हणालीस. मग मी कशाला शंका घ्यायची?"

"मग काल कागद का नाही काढलात? मी वाट बघत होते... म्हणजे, मला वाटत होतं तुम्ही काढाल."

"मी बी वाट बघत हुतो," मामा म्हणाले.

मला रडू आलं. मी तिथेच भुश्शात बसून रडले. मामांनी रडू दिलं. मग रंधा बाजूला ठेवून माझ्यासमोर उकिडवे बसले.

"ऐक. काल मी चुकलो म्हटल्यावर त्या बाईनं नवा पॅटर्न मागितला. तू चुकलीस म्हटलं आसतं तर तिनं मशीनच नगं म्हटलं आसतं. व्हय का न्हाई? मग चाळीस बायकांच्या मिरच्या जुन्या गिरणीत गेल्या आसत्या, आन तुझी शेड बंद. मी काय, जुना माणूस. माझं चार दिस हसतील."

"मी सुभाषरावांना आजच सांगते."

"आज नगं. सीझन जाऊ दे. मशिनी चालू दे. मग सांग." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आन हितं येऊन नाव लिव्ह."

चुकलेला पॅटर्न बाराव्या खिळ्याला आधीच टांगलेला होता. त्यावर नाव नव्हतं.

"काल तोंडानं खोटं बोललो," मामा म्हणाले. "भिंतीवर न्हाई लिवणार."

त्यांनी खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. मी शपथेवर सांगितलं, मेमध्ये येते. मी खरंच येणार होते.

मंगळवारी पॅटर्न आला. पंधरा डंक वेळेत गेले. त्या वर्षी हौसाक्कांच्या गटाची चटणी पार पुण्यापर्यंत गेली. मे महिन्यात एक पत्रकार आला, त्याला एका सकाळीत ड्रॉइंग झाल्याची गोष्ट फार आवडली. छापून आल्यावर मला भाषणाला बोलावू लागले. नवउद्योजकांचे मेळावे, कॉलेजं. एक सकाळ, एक टूल, एक पोरगी, पंधरा मशिनं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की ती गुळगुळीत झाली, आणि तिच्यात मामा कुठेच उरले नाहीत. कोल्हापुरातल्याच एका कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, टूल कधी चुकलं नाही का? मी म्हणाले, "नाही. पहिल्या वेळी पॅटर्नमध्ये थोडा गोंधळ झाला होता, बाकी काही नाही." तिसऱ्या रांगेत सुभाषराव बसले होते. त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर मगदूमांकडून मामांना काम गेलं नाही. मग इतरांकडूनही कमी झालं. पॅटर्न आता संगणकावरच कोरून मिळत होते हे खरं, पण नुसतं तेवढंच कारण नव्हतं. "केरबाची पट्टी आता डबल चालते" असं उद्यमनगरात कुणी चहा पिता पिता म्हणायचं, आणि लोक हसायचे. चार दिवस हसतील म्हणाले होते मामा. लोक वर्षानुवर्षं हसले. मी सणाला मिठाईचा पुडा पाठवायची. स्वतः जायची नाही. गेले की भिंत दिसणार होती.

मग गेल्या कार्तिकात शोभावहिनींचा फोन आला. "ताई, शॉप बंद करतोय. मामांजींना आता दिसत नाही फारसं. ते म्हणतायत, भिंत उतरवायचीय. ज्याचं त्यानं घेऊन जावं. रविवारी दहाला या."

मी कपाटातून तो कागद काढला. नऊ वर्षं सांभाळून ठेवला होता. फाडून टाकायचंही कधी धाडस झालं नव्हतं.

शॉपमध्ये बाक नव्हता, लेथ नव्हतं. फरशी मात्र तीच. मामा दाराशी खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, मोकळे. त्यांचे हात मोकळे मी कधी बघितलेच नव्हते. सुभाषराव वडिलांचा पॅटर्न घ्यायला आलेले. तो त्यांनी कपड्याने पुसला, वडिलांचं नाव वाचलं, डोळ्यांना रुमाल लावला. वस्तादांचा नातू सांगलीहून आला होता.

"कोण आलं?" मामांनी विचारलं.

"मी मामा. संज्योत."

"आलीस व्हय," एवढंच म्हणाले.

सुभाषरावांनी हसत बारावा पॅटर्न खिळ्यावरून काढला. "हा तर तुमचाच की मामा. डंकाचा. दोनदा आकस धरलेला. पण नाव घालायचं राहिलंय."

मामांनी नुसता चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने वळवला. आता डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता, तरी ते बघणं तेच होतं.

"तो माझा आहे," मी म्हणाले.

"तुझा कसा? मशीन तुझं, पण पॅटर्न..."

"चूक माझी आहे, सुभाषराव." घडी उघडून मी कागद त्यांच्या हातात दिला. "मामांना मी हेच माप दिलं होतं. ह्यात आकस आधीच धरलाय का असं त्यांनी मला विचारलं होतं. मी न बघता नाही म्हणाले. त्या शनिवारी हा कागद मामांच्या खिशात होता. आणि मला ते माहीत होतं."

सुभाषरावांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांना कुठे बसावं कळेना, शॉपमध्ये बसायला काही उरलं नव्हतं, तर ते फरशीवरच बसले.

"मामा," ते म्हणाले, "मी तुमच्याकडं नऊ वर्षांत एक काम पाठवलं नाही हो."

"व्हय," मामा म्हणाले. "मोजलंय मी. शोभा, च्या टाक."

शोभावहिनींनी मला पेन्सिल आणून दिली, तीच चपटी सुतारी. मी पॅटर्न मांडीवर घेऊन मामांच्या पायाशी बसले. संज्योत भोसले, मी लिहिलं. त्या शनिवारची तारीख लिहिली. खाली खरं माप, दोनशे चाळीस.

"आण हिकडं."

मी पॅटर्न त्यांच्या हातात दिला. त्यांनी सागवानावरून अंगठा फिरवला, कानापासून कानापर्यंत, मग माझ्या नावापाशी आले. तिथे अंगठा दोनदा मागेपुढे झाला.

"लागंना हाताला," मामा म्हणाले आणि पॅटर्न मला परत दिला. "दाबून लिव्ह."